अडकल्यानंतर पुन्हा रॉडखाली: जड स्क्वॉटची भीती कशी मोडायची

स्क्वॉटसाठी, म्हणजे रॉड खांद्यावर घेऊन खाली बसून उठायच्या व्यायामासाठी, रॅकवर रॉड ठेवलेला आहे, दोन्ही बाजूंना वीस-वीसची एकेक प्लेट. रॉडचे वीस धरून एकूण ६० किलो. कधीकाळी हे वजन वॉर्म-अपमध्ये जायचं. आज मात्र बाटली उघडून बंद होते, बेल्ट आवळून पुन्हा सैल होतो, फोनवरचं गाणं तीनदा बदलतं आणि शेवटी "आज गुडघा जरा कुरकुरतोय" असं कुणी न विचारताच सांगून पाय लेग प्रेसच्या मशीनकडे वळतात.

हे मी पाच महिने केलं. ७५ किलोच्या तिसऱ्या रेपला, म्हणजे तिसऱ्या बैठकीला, खाली बसले ती उठलेच नाही. मागे सपोर्टला उभा असलेला मुलगा आधी "ताई, घाबरू नका, मी आहे ना" म्हणाला होता. प्रत्यक्षात तो दचकला आणि त्याने रॉड एकाच बाजूने वर ओढला. मी तिरकी झाले आणि कंबरेत अशी उसण भरली की पुढचे दोन आठवडे चपला घालायलाही भिंत धरावी लागायची. दुखणं दीड महिन्यात गेलं, भीती मात्र गेली नाही. ती कशी गेली ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. स्क्वॉट नुकताच सुरू केलेल्यांनाही हे उपयोगी पडेल, कारण यातलं निम्मं मला पहिल्याच महिन्यात कुणीतरी शिकवायला हवं होतं.

आधी भीती कशाची ते ओळखा

"भीती वाटते" एवढ्याने काम भागत नाही. रॉडखाली भीती तीन प्रकारची असते आणि तिघींचं औषध वेगळं. पहिली दुखण्याची: कंबर पुन्हा धरली तर? दुसरी अडकण्याची: खाली गेले आणि उठलेच नाही तर? तिसरी लाजेची: सगळी जिम बघत असताना पडले तर? एका कागदावर लिहून काढा, रॅकपुढे उभं असताना नेमकं कोणतं चित्र डोळ्यांपुढे येतं ते. माझ्या डोळ्यांपुढे दुखणं येत नव्हतं. खालच्या टोकाला थांबलेला तो एक सेकंद यायचा, ज्यात पाय ढकलत होते आणि रॉड हलत नव्हता. म्हणजे माझी भीती दुसऱ्या प्रकारची. तरी मी कंबरेला शेक देत बसले होते!

दुखण्याची भीती असेल तर पहिली फेरी डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे. पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, जांघेच्या नि बैठकीच्या भागात संवेदना कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आजच दवाखाना गाठा. तसं काही नसेल आणि हातात फक्त "डिस्क बल्ज" (मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगणं) लिहिलेला एमआरआयचा रिपोर्ट असेल, तर एक गोष्ट माहीत असू द्या. कंबरेची कसलीही तक्रार नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये डिस्क बल्ज दिसला होता आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांच्या. रिपोर्टमधला तो शब्द म्हणजे जन्मठेप नव्हे. त्याचा अर्थ तुमच्या बाबतीत काय, हे मात्र तपासणाऱ्यानेच सांगायचं, जिममधल्या सरांनी नाही.

माझ्या फिजिओ मॅडमनी एक साधा नियम दिला होता, तो मी अजून पाळते. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं. तीनच्या आत असेल, सेट, म्हणजे सलग मारलेल्या रेप्सचा एक गट, संपल्यावर वाढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ववत वाटत असेल तर चालू ठेवायचं. यातलं एक जरी बिघडलं तर पुढच्या वेळी वजन कमी.

मग पडायला शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी शिकवत नाही. सायकल शिकताना ढोपर फुटल्याशिवाय हँडल हातात येत नाही, पोहायला शिकताना विहिरीत ढकललं जातं. स्क्वॉटमध्ये मात्र आपण कधीच न पडता थेट जड वजनावर जातो आणि पहिल्यांदा पडतो ते आयुष्यातल्या सर्वात जड रॉडखाली. अंग घाबरणारच. त्याला खाली अडकल्यावर काय करायचं ते माहीतच नाही. अशा भीतीला भित्रेपणा म्हणणं बरोबर नाही. अंगाकडे माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पिंजऱ्यासारखा पॉवर रॅक असेल तर आतल्या दोन आडव्या दांड्या, म्हणजे सेफ्टी, आधी नीट लावा. बऱ्याच जिममध्ये त्या कोपऱ्यात पडलेल्या असतात किंवा त्यांवर टॉवेल वाळत असतात. रिकामा रॉड घेऊन पूर्ण खाली बसा आणि कुणाला तरी रॉड कुठवर येतो ते बघायला सांगा. सेफ्टी त्याच्या तीन-चार बोटं खाली हवी. त्याहून वर लावली तर प्रत्येक रेपला रॉड आपटेल. फार खाली लावली तर रॉड टेकेपर्यंत तुमची पाठ वाकलेली असेल, मग ती असून नसल्यासारखीच. दोन्ही बाजूंची भोकं मोजून लावा. एक बाजू पाचव्या भोकात आणि दुसरी सहाव्यात, हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

आता मुद्दाम पडा. रिकामा रॉड खांद्यावर घ्या, खाली जा आणि उठू नका. छाती न पाडता आणखी थोडं खाली बसा, रॉड सेफ्टीवर टेकू द्या, हात सैल करा, गुडघे टेकून पुढच्या बाजूने बाहेर या. ओणवं होऊन रॉड मानेवर घेऊ नका, तसं केलं की लागतं. हे पाच वेळा करा. मग ३० किलो लावून पाच वेळा, मग ४०. लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज होतो आणि सगळी जिम वळून बघते. बघू द्या. तिसऱ्या वेळेला कुणी मान वर करत नाही, आणि तिसऱ्या प्रकारच्या, लाजेच्या भीतीचं औषधही तिथेच होऊन जातं. मी दोन आठवडे प्रत्येक लेग्जच्या दिवशी वॉर्म-अपनंतर दोनदा पडत होते. वेडेपणा दिसतो खरा, पण नंतरच्या सहा महिन्यांत यापेक्षा जास्त उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

पॉवरलिफ्टिंगच्या, म्हणजे जास्तीत जास्त वजन उचलण्याच्या, स्पर्धा पाहिल्यात तर लक्षात येईल की तिथे वजन न उठणं हे नियमातच धरलेलं आहे. प्रत्येकाला स्क्वॉटचे तीन प्रयत्न मिळतात, एकदा लावलेलं वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही, आणि आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांप्रमाणे मंचावर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच माणसं रॉड झेलायला उभी असतात. वर्षानुवर्षं स्क्वॉट मारणाऱ्यांसाठी एवढी व्यवस्था, आणि आपण रात्री साडेनऊला रिकाम्या जिममध्ये एकटे.

तुमच्या जिममध्ये नुसते दोन उभे स्टँड असतील आणि सेफ्टी नसेल, तर एकट्याने जड स्क्वॉट करू नका. यावर दुसरं मत नाही. रबरी बंपर प्लेट आणि लाकडी प्लॅटफॉर्म असेल तिथे रॉड मागे सोडून पुढे उडी मारता येते. फरशीवर लोखंडी प्लेट्स असतील तर तो मार्ग बंद.

सपोर्ट कसा मागायचा

"भाऊ, जरा सपोर्ट देतोस का?" एवढं विचारून रॉडखाली शिरू नका. आधी तीन गोष्टी सांगा: किती रेप्स मारणार, मदत कधी हवी आणि त्यासाठी कोणता शब्द वापरणार. माझा शब्द "घे". मी "घे" म्हणेपर्यंत हात लावायचा नाही, म्हटल्यावर थांबायचं नाही. एकटा सपोर्टवाला असेल तर त्याने अगदी जवळ मागे उभं राहून, आपल्यासोबत खाली बसत, काखेखालून छातीशी हात घालून माणसाला वर घ्यायचं. रॉड ओढायचा नाही. बायकांना हे अवघड वाटतं, म्हणून शक्य असेल तर मैत्रिणीला शिकवा, नाहीतर दोघांना रॉडच्या दोन टोकांना उभं करा. टोकांना उभे असलेले दोघे एकाच वेळी उचलतील याची एकदा रिकाम्या रॉडवर रंगीत तालीम घ्या. एकाने आधी उचललं की काय होतं ते माझ्या कंबरेला विचारा.

किती वजनापासून सुरुवात

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी. जुना आकडा डोक्यातून काढा. ज्या वजनावर पाच रेप्स मारून आणखी चार-पाच सहज जातील असं वाटतं, ते पहिलं वजन. ७५ वर अडकलेली मी ३० वर आले. आठवड्यातून दोनदा, पाच-पाच रेप्सचे तीन सेट, दर खेपेला अडीच किलो वाढ. साडेचार आठवड्यांत ५० झाले. तिथून आठवड्याला एकदाच अडीच किलो, म्हणजे आणखी चार आठवड्यांत ६०. पुढे मात्र भीतीने डोकं वर काढलं, तेव्हा मी अर्ध्या किलोच्या दोन चकत्या विकत घेतल्या आणि आठवड्याला एकच किलो वाढवत गेले. पंधरा आठवडे. चकत्या पर्समध्ये राहायच्या, सिक्युरिटीवाल्याने एकदा काढून दाखवायला लावल्या.

वाढवायचं कधी? आजचे सगळे रेप्स सारख्या खोलीचे, सारख्या वेगाचे झाले आणि शेवटी निदान दोन रेप्स शिल्लक होते, असं वाटलं तरच. शंका असेल तर तेच वजन पुन्हा.

आपल्याकडच्या जिममध्ये आणखी एक भानगड असते. स्पर्धेच्या पुरुषांच्या रॉडचं वजन २० किलो आणि ओलिंपिक वेटलिफ्टिंगमधल्या महिलांच्या रॉडचं १५ किलो हे ठरलेलं, पण गल्लीतल्या जिममधला रॉड किती किलोचा हे बऱ्याचदा मालकालाही ठाऊक नसतं. घरचा वजनकाटा नेऊन एकदा मोजून घ्या. प्लेट्सही मोजा. आपलं प्रगतीपुस्तक खोट्या आकड्यांवर लिहिलेलं असेल तर डोकं त्यावर विश्वास ठेवत नाही.

रॉडखालचा क्रम पक्का करा

भीतीला मोकळी जागा मिळते ती रॉडला हात लावल्यापासून पहिल्या रेपपर्यंतच्या वेळात. म्हणून त्या वेळात काय करायचं ते आधीच ठरलेलं हवं, रिकाम्या रॉडलाही तेच आणि ७५ लाही तेच. माझा क्रम असा: रॅकवर रॉड ज्यांत ठेवतात ते हुक छातीच्या मध्याच्या उंचीवर, म्हणजे रॉड काढताना टाचा उचलाव्या लागत नाहीत. दोन्ही हातांचं अंतर रॉडवरच्या खुणेपासून मोजून सारखं. मग डोकं आत, रॉड मानेच्या हाडावर न ठेवता खाली पाठीच्या वरच्या मांसल भागावर, कोपरं खाली. दोन्ही पाय रॉडच्या बरोबर खाली आणून उभं राहायचं, एक पाय पुढे टाकून नाही. उजवा पाय मागे, डावा मागे, एक छोटी दुरुस्ती. बस्स, तीन पावलं. रॉड खांद्यावर घेऊन जिमभर फेऱ्या घालणारे लोक रेपच्या आधीच दमतात.

मग श्वास. छातीत वर नाही, पोटात खाली, बेल्ट असेल तर पुढे, बाजूंना आणि मागेही बेल्टला दाब जाणवेल असा. तो कोंडून खाली जायचं, वर येताना अवघड टप्पा ओलांडला की सोडायचा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी श्वास कोंडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

हात लावल्यापासून दहा सेकंदांत रॉड हुकवरून निघाला पाहिजे. विचार करायचाच असेल तर रॅकबाहेर बाकावर बसून करा, रॉडखाली जाऊन नको.

इथे एक चोंबडा सल्ला हमखास येतो: "गुडघे बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका." आपल्या तालमीतली बैठक आठवा. टाचा उचललेल्या, गुडघे बोटांच्या कितीतरी पुढे, आणि पैलवान अशा शेकड्याने मारतात. गुडघा पुढे जाणं हा गुन्हा नाही. जबरदस्तीने मागे धरला तर धड पुढे झुकतं आणि भार कंबरेकडे सरकतो. गुडघे पावलांच्या दिशेने जाताहेत ना आणि टाच जमिनीवर आहे ना, एवढं बघा. पळण्याच्या मऊ तळाच्या बुटात टाच डगमगते, त्यापेक्षा सपाट तळाचे बूट बरे.

खालच्या टोकाशी मैत्री

माझी भीती खालच्या टोकाची होती, म्हणून तिथे जास्त वेळ घालवला. हलक्या वजनावर खाली बसून मनात तीन आकडे मोजायचे, मग उठायचं. श्वास कोंडलेलाच, अंग ताठ. सुरुवातीला हे नकोसं होतं, कारण पळून जायची सवय लागलेली असते. बरेच जण भीतीने अर्धवटच बसतात किंवा धाडकन खाली जाऊन उसळी घेतात, दोन्हीतून भीती वाढते. महिनाभर थांबून उठल्यावर खालची जागा ओळखीची झाली.

दुसरा प्रकार सेफ्टीवरून सुरुवात. रॉड आधीच सेफ्टीवर, तुम्ही खाली बसून त्याच्याखाली जायचं आणि शून्यातून उठायचं. हे कठीण आहे, वजन नेहमीच्या निम्म्याने घ्या, एकेक रेप मारा. नाही उठलं तर काहीच होत नाही, रॉड आहे तिथेच आहे. अडकलेल्या जागेतून मला स्वतःच्या पायांनी बाहेर येता येतं, याचा पुरावा अंगाला असाच मिळतो.

तिसरा प्रकार ६० नीट जाऊ लागल्यावर करा, आधी नको. सेफ्टी लावून ८० किलो हुकवरून काढायचे, तीन पावलं मागे, दहा सेकंद उभं राहायचं, परत ठेवायचं. बसायचं नाही. नंतर ६५ खांद्यावर घेतले की रॉड रिकामा वाटतो.

आणि डोळ्यांची एक फसवणूक. मला वीसची मोठी प्लेट बघूनच धडकी भरायची. मग मी ६० किलो दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या दोन प्लेट लावून मारले. वजन तेच, चित्र वेगळं. दोन आठवड्यांनी वीसच्या प्लेटवर परत गेले तेव्हा ती नुसती प्लेट होती.

वाईट दिवस

ते येतात. रात्रभर मंडळात जागरण झालंय, नवरात्राचा सातवा उपवास आहे, पाळीचा दुसरा दिवस आहे, ऑफिसात वाजलंय, अशा दिवशी भीती दुप्पट असते आणि कधीकधी ती बरोबर असते. मी वॉर्म-अपवर ठरवते. ४० किलो नेहमीपेक्षा हळू उठले तर त्या दिवशी वजन दहा टक्के कमी, रेप्स त्याच. जिमला न जाणं आणि कमी वजन मारणं यात मोठा फरक आहे. न गेलं की पुढच्या वेळी दार ढकलायलाच जड जातं.

दर वेळी शेवटचा सेट बाजूने चित्रित करा, फोन कंबरेच्या उंचीवर बाकाला टेकवून. आतून जे "मरतेय आता" असं वाटत होतं ते बाहेरून एकसंध, शांत रेप दिसतं. मला माझाच व्हिडिओ पाहून पहिल्यांदा पटलं की हालचालीत काही बिघाड नाही, फक्त चेहरा फार वाकडा होतो.

जुना आकडा परत येतो तेव्हा

७५ च्या दिवशी मी सेफ्टी दोनदा तपासली, टोकांना दोघींना उभं केलं, तीन रेप्स मारल्या. तिसऱ्या रेपला खालच्या टोकाला रॉड क्षणभर थबकलाच. दोघींचे हात पुढे आले, मी "घे" म्हटलं नाही, रॉड वर आला. लगेच मागून कुणीतरी "ताई, अजून पाच लावा, जातंय!" असं ओरडलं. लावू नका. तोच आकडा पुढचे दोन-तीन आठवडे मारा.

प्लेट काढताना एका बाजूच्या सगळ्या एकदम उतरवू नका, दुसरी बाजू जड होऊन रॉड रॅकवरून उलटतो. एक इकडची, एक तिकडची. आणि सेफ्टी आहे तिथेच राहू द्या, तुमच्यानंतर येणाऱ्याला ती लावायचं बहुधा सुचणार नाही.